पानाखालचं पाणी

बसा.

जागा फार निवडत राहू नका. ओढ्याकाठचा कुठलाही ओला दगड चालेल. कपडे भिजतील. भिजू द्या.

आषाढातली रात्र आहे. कोयनेच्या खोऱ्यात, हुंबरळीच्या बाजूच्या रानात, एक अरुंद ओढा उतारावरून खाली येतो आहे. दिवसभराचा पाऊस आत्ताच ओसरलाय. आभाळातून काही पडत नाही, पण झाडं अजून गळताहेत.

पायावर जळू चढली असेल. असू दे. पोट भरलं की ती आपली आपण सुटते.

विजेरी विझवा.

काळोख एकदम अंगावर येतो. येऊ द्या. डोळ्यांना सरावायला थोडा वेळ लागतो. त्यांना घाई करू नका.

श्वास आत घ्या. कुजणाऱ्या पानांचा वास. शेवाळाचा वास. त्यांच्यामागे कुठूनतरी चुलीच्या धुराचा पुसट वास. गाव फार लांब नाही.

श्वास सोडा.

पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

आता ऐका.

आधी कानावर येतो तो मोठा आवाज. खाली कुठेतरी पाणी कड्यावरून कोसळतंय, त्याची घरघर. ती सगळ्या रानावर पसरली आहे. ती ऐकायला काही करावं लागत नाही. तिला तिथेच राहू द्या.

तिच्या अलीकडे या. पायापाशी पाणी दगडाला वळसा घालतंय. हा आवाज वेगळा. जरा जाडसर, जरा गोल.

त्याच्याही अलीकडे थेंब आहेत. पानावरून पानावर. पानावरून पाण्यात.

मधूनमधून रातकिड्यांची किर्र.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक लहानसा तुटक आवाज. एकदा येतो. मग गप्प. मग पुन्हा.

कुठून आला ते शोधू नका. डोकं वळवू नका. तो परत येईल.

बसून राहा.

*

आता विजेरी लावा, पण काचेवर तळहात धरून. बोटांच्या फटींतून जेवढा उजेड गळेल तेवढा पुरे.

समोर पाण्यावर झुकलेली एक फांदी आहे. फांदीला रुंद पान. पान ओलं आहे.

पानावर कोणीतरी बसलं आहे.

लगेच नाव देऊ नका. नुसतं पाहा.

तपकिरी अंग. लांबी चार-पाच सेंटिमीटर. पाठीच्या कातडीवर सुरकुत्याच सुरकुत्या. बोटांची टोकं किंचित पसरट, पानाला टेकलेली. डोळे मोठे, डोक्यावर उठून आलेले. बाहुलीकडे पाहा. ती गोल नाही. तिला चार कोपरे आहेत.

गळ्याखालची कातडी हलते. वर. खाली. वर.

तुमचा श्वासही हलतोच आहे. दोन्हींची लय जुळवायला जाऊ नका. त्याची त्याच्या गतीने, तुमची तुमच्या.

नाव हवंच असेल तर हा रातबेडूक. इंग्रजीत बॉम्बे नाइट फ्रॉग. शास्त्रातलं नाव निक्टिबॅट्राकस हुमायुनी. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी या दोघांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या रानओढ्यांवर तो राहतो. महाबळेश्वरच्या बाजूला, कोयनेत, आणखी काही घाटमाथ्यांवर. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही.

नाव कळलं. आता ते बाजूला ठेवा.

पुन्हा पानाकडे या.

*

एक हात खाली न्या. ज्या दगडावर बसला आहात, त्याच्यावर तळवा टेकवा.

गार आहे. खरखरीत आहे. शेवाळ असेल तिथे बुळबुळीत.

हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर साचला आणि थिजला. त्या थरांपैकी एखाद्याचा हा तुकडा. सह्याद्रीचे हे सगळे कडे, सगळे सुळके, तुमच्या तळव्याखालच्या याच दगडाचे.

तळवा तसाच राहू द्या, आणि डोळे पानाकडे न्या.

रातबेडकांचं कूळ सात ते आठ कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर फुटलं, असं त्यांच्या जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात. तेव्हा भारत आशियाला येऊन चिकटलेलाही नव्हता. समुद्रातून एकटाच उत्तरेकडे सरकत होता.

म्हणजे दगड धाकटा आहे.

हे हळू वाचा. दगड धाकटा आहे, आणि पानावर बसलेल्या या ओल्या, मऊ, बोटाएवढ्या जिवाचं घराणं थोरलं.

आग आली, तेव्हा हे घराणं कुठेतरी ओल धरून राहिलं असेल. कुठे, कसं, याचा विचार आत्ता नको. हाताखाली दगड आहे. डोळ्यांपुढे बेडूक आहे. दोघांच्या मधे तुम्ही बसला आहात.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

हा जीव फुप्फुसांनी श्वास घेतो. कातडीनेही घेतो.

क्षणभर आपल्या कातडीकडे लक्ष द्या. मनगटावर थेंब आहे. मानेवर दमट हवा आहे. आपल्याला हे सगळं बाहेरचं वाटतं. कातडीपाशी आपण संपतो आणि पाऊस सुरू होतो.

त्याचं तसं नाही. त्याच्या ओल्या कातडीतून हवा आत जाते, पाणी आत जाते. पाणी प्यायला त्याला तोंड लागत नाही. ओढ्यात जे आहे ते थोडंथोडं त्याच्यातही आहे. वर कुणी शेतात फवारलेलं, कुणी काठावर धुतलेलं, तेसुद्धा.

तुमच्या हातांना डास पळवायचं मलम लावलेलं आहे का?

मग हात मांडीवर ठेवा. तो पकडून पाहण्यासारखा जीव नाहीच.

*

तो आवाज पुन्हा येतो. या वेळी पानावरूनच.

हा नर आहे. ही त्याची जागा आहे. पाण्यावर झुकलेलं, ओलं राहणारं पान मिळवणं आणि राखणं हेच त्याचं पावसाळ्यातलं काम. कधी दुसरा नर त्याच पानावर हक्क सांगायला येतो. मग झटापट होते. मग पुन्हा आवाज.

वाट पाहा.

घड्याळ पाहू नका. झाड गळतं आहे, तेवढी मोजदाद पुरे.

कधीतरी फांदीवरून दुसरं कुणीतरी सरकत येतं. हळू. थांबत थांबत. ही मादी.

कान द्या. तीही आवाज काढते. बेडकांच्या जगात बोलतो तो बहुतेक नर. मादीचा आवाज २०१६ पर्यंत सगळ्या जगात जेमतेम २५ जातींत नोंदला गेला होता, आणि जाती तर हजारोंनी आहेत. तुम्ही या दगडावर बसून ऐकता आहात ते फार थोड्यांनी ऐकलेलं आहे.

आता फार हलू नका.

नर तिच्या पाठीवर येतो.

इथे सावकाश पाहायचं आहे. बहुतेक बेडकांत नर मादीला पुढच्या पायांनी कवळतो. काखेत धरतो, कमरेत धरतो. घट्ट धरतो. तळ्याच्या काठी एखाद्या पावसाळी सकाळी तुम्ही ते पाहिलंही असेल.

इथे त्याचे हात कुठे आहेत, ते पाहा.

पानावर आहेत.

पुन्हा पाहा. तो तिच्या पाठीवर आहे, पण हात तिच्याभोवती गेलेले नाहीत. ते पानावर टेकलेत. फांदी जवळ असेल तर फांदीवर. त्याचा भार त्यानेच पेललेला आहे.

काही मिनिटं तसंच.

मग ती पाठ उंचावते. एकदा, पुन्हा एकदा. तो उतरतो. बाजूला होतो.

त्याने सोडलेलं रेत तिच्या पाठीवर आहे. तो दूर झाल्यावर ती अंडी घालते. पाठीवरचं ते ओघळत खाली येतं आणि अंड्यांना भिजवतं. जीव धरण्याची ती वेळ येते तेव्हा दोघं एकमेकांना स्पर्श करत नसतात.

ती थोडा वेळ तशीच राहते. पाय पसरून. स्थिर.

तुम्हीही राहा.

*

हे पाहणारी माणसं याच परिसरात बसली होती. दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि त्यांचे सहकारी, त्यांत सह्याद्रीत मुरलेले वरद गिरी. २०१० ते २०१२ च्या पावसाळ्यांत मिळून ४० रात्री. त्याआधी पुण्याच्या अभ्यासकांनीही या बेडकाची वीण आणि अंड्यांची राखण नोंदवलेली होती. २०१६ साली बिजूंच्या चमूचा निबंध प्रसिद्ध झाला. बेडकांच्या मीलनाच्या सहा तऱ्हा तोवर ठाऊक होत्या, ही सातवी.

वर्तमानपत्रांनी चावट मथळे दिले. चालायचंच.

मला त्या मथळ्यांपेक्षा त्या ४० रात्रींचं अप्रूप जास्त. भर पावसात, जळवांच्या रानात, मंद उजेड धरून, कशालाही हात न लावता बसलेली माणसं. रानातल्या एखाद्या जिवाला वाचवायचं म्हणजे पहिल्यांदा काय करायचं, असं कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन. बाकीचं नंतर.

*

मादी गेली आहे. नर पानापाशीच आहे.

पानावर अंडी आहेत.

जरा पुढे झुका. उजेड कमीच ठेवा.

भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक, एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येकीच्या पोटात एकेक गडद ठिपका. पानावरून थेंब ओघळतो, अंड्यांवरून घसरतो, टोकाशी येतो. लोंबतो. सुटतो.

खाली पाणी आहे.

पान आणि पाणी. मधे थोडीशी मोकळी जागा. हात, दीड हात. कुठे चार हात.

या जागेवर डोळे ठेवा. आज आपण इथे थांबायचं आहे. बेडकावर नाही, पानावर नाही, पाण्यावरही नाही. पान आणि पाणी यांच्यामधल्या काळोख्या, दमट, रिकाम्या जागेवर.

श्वास आत.

श्वास बाहेर.

दिवस जातात. तुम्ही तिथेच आहात असं समजा. ठिपक्याला लांबी येते. एके दिवशी तो जेलीच्या आत वळवळतो. पाऊस येतो, जातो. नर पुष्कळदा जवळपासच असतो. साप येतात, अंडी त्यांनाही हवी असतात. काही पानं रिकामी होतात.

आणि एके रात्री जेली सैल होते. शेपूट असलेला एक इवला जीव पानाच्या टोकाशी येतो.

पडतो.

त्या पडण्याचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. थेंबही पडताहेत ना.

पाणी त्याला घेतं. तळाशी कुजलेली पानं आहेत, दगडांच्या सांदी आहेत. तो तिकडे जातो.

पुढचाही पडतो. मग त्याच्या पुढचा.

*

आता मनातल्या मनात एकेक गोष्ट काढून पाहू. घाई न करता. प्रत्येक गोष्ट काढली की एक श्वास थांबा.

आधी पान काढा.

काठावरची झुडपं कुणीतरी तोडली आहेत. रस्ता रुंद करायचा होता. किंवा पाहुण्यांना ओढा नीट दिसावा म्हणून काठ साफ केला. कुणाचा हेतू वाईट नव्हता. ओढा वाहतोच आहे. पाणी तेवढंच आहे, स्वच्छही आहे. वरून पाहणाऱ्याला काहीच गेलेलं दिसत नाही.

नर येतो. बसायला काठ आहे, दगड आहे. झुकलेलं काही नाही. दगडाच्या उभ्या अंगावर जागा मिळाली तर ठीक. ती किती मिळणार?

एक श्वास.

पान परत ठेवा.

आता पाणी काढा.

वर, झऱ्यापाशी, काळा पाइप लावलेला आहे. खाली कुणाचं हॉटेल असेल, कुणाची बाग असेल. आषाढात काही कळत नाही. पाणी सगळ्यांना पुरतं. पण पाऊस आठ-दहा दिवस उघडीप देतो तेव्हा ओढा अंग चोरतो. काठ सोडून मधे जातो. पान जिथे होतं तिथेच आहे. त्याच्या खाली आता ओला गाळ, मग सुका दगड.

टोकाशी आलेला तो जीव.

एक श्वास.

पाणी परत ठेवा.

आता काळोख काढा.

हे जरा अवघड आहे, कारण काळोख ही ठेवण्याजोगी वस्तू आहे असं आपल्याला वाटत नाही. काठावर दिव्यांची माळ लागते. शनिवार-रविवारी गाणी लागतात. तो तुटक, लहान आवाज धबधब्याच्या घरघरीतूनही मादीपर्यंत पोचत होता; घरघर त्याच्या ओळखीची आहे. स्पीकरची नाही.

एक श्वास.

काळोख परत ठेवा.

आता पावसाची वेळ थोडी हलवा. काढू नका, नुसती हलवा. मृग कोरडा जातो. मग एका आठवड्यात महिन्याचा पाऊस पडतो, मग पुन्हा उघडीप. अंडी वाळतात, नाहीतर लोंढ्यात जातात. २०२३ साली जगातल्या उभयचरांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ८०११ जाती तपासल्या होत्या. दर पाचांतल्या दोन धोक्यात. आणि अलीकडच्या वीसेक वर्षांत ज्या जातींची अवस्था बिघडली, त्यांच्या बिघडण्यामागे हवामानबदल हे कारण सगळ्यांत पुढे येऊन उभं राहिलेलं. पश्चिम घाट त्या आढाव्यातल्या काळजीच्या ठिकाणांपैकी एक. आपल्या पानावरचा हा बेडूकही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत धोक्याच्या वर्गांमध्ये, असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे.

आकडा कळला. तो हातात घट्ट धरून ठेवू नका. खाली ठेवा.

पाऊस परत त्याच्या जागी ठेवता येत नाही. जो आहे, त्यात बसून राहा.

*

पाण्याकडे पाहा. त्यात न दिसणारंही काही आहे.

एक बुरशी आहे, कायट्रिड नावाची. ती उभयचरांच्या कातडीत वाढते. मध्य अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात तिने ओढ्यांवरचे बेडूक जातीच्या जाती पुसले. ती आपल्या घाटातही आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती सापडल्याचं २०१३ साली पुण्याच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलं. इथे तिने तसा संहार केलेला दिसला नाही. बहुधा ती आणि इथले बेडूक एकमेकांच्या जुन्या ओळखीचे असावेत. पण बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या वाणाशी ती ओळख नसेल.

म्हणून उद्या दुसऱ्या ओढ्यावर जाणार असाल, तर बूट आधी धुवा आणि नीट वाळवा. एवढंच.

घाबरायचं नाही. नुसतं लक्षात असू द्यायचं.

पुन्हा त्या मोकळ्या जागेकडे या. पानाखाली. पाण्यावर.

*

या बेडकाच्या नावात एक माणूस आहे. हुमायून अब्दुलअली. खरं तर पक्ष्यांचे अभ्यासक, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे. हा बेडूक १९५५ साली त्यांच्या नावावर झाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते बेडकांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा भारतातून बेडकांचे पाय परदेशी जात. गोठवलेले, पेट्यांत भरलेले, वर्षाला हजारो टन. भातखाचरांतले मोठे बेडूक ते, पिकांवरच्या किड्यांवर जगणारे. अब्दुलअलींनी आकडे मांडले, लेख लिहिले, पाठपुरावा केला. १९८७ साली ती निर्यात बंद झाली.

पानावर बसलेला हा लहानगा त्या पेट्यांत कधी नव्हता. त्याला कुणी खायला नेत नव्हतं. त्याच्यावर आलेली वेळ वेगळी आहे. त्याला कुणी नेत नाही. त्याच्या भोवतालचं थोडंथोडं जातं. त्याला निर्यातबंदीचा उपयोग नाही.

रानाभोवती काही रेषा आखल्या गेल्यात. कोयनेचं अभयारण्य १९८५ सालचं. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कोयना आहे. चांगलं झालं. वाघासाठी राखलेल्या रानात बेडकालाही आसरा मिळतो. पण ओढे रेषेच्या आत उगवतात आणि बाहेर येतात. गावाच्या कडेने, कुणाच्या मालकीच्या जागेतून, घाटरस्त्याच्या मोरीखालून. तुम्ही बसला आहात त्या ओढ्याजवळही चुलीचा वास आहे.

हा वास वाईट नाही. माणसं इथे पूर्वीपासून आहेत.

डोळे मिटा, आणि घाटातली एखादी देवराई आठवा. कुठलीही. वाट खाली उतरते. उकाडा एकदम थांबतो. मोठमोठी झाडं, वेलींनी बांधलेली. शेंदूर लावलेला एक दगड. आणि देवळामागे, बहुधा, एक झरा. चैत्र-वैशाखातही ओला.

त्या झऱ्यावर काय झुकलं आहे, ते आठवा.

पानं झुकली आहेत. तिथलं लाकूड तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही, असं कुणीतरी ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या ते पाळलं. बेडकांसाठी नव्हे. देवीचं म्हणून. तिचा कोप होईल म्हणून. कारण काहीही असो, पान पाण्यावर राहिलं. आता जुनी झाडं पाडून त्या जागी काँक्रीटचा सभामंडप होतो, फरशी बसते, झऱ्याला टाकी येते. भक्ती वाढलेली असते. मला तिथे उभं राहिलं की काय बोलावं ते सुचत नाही.

डोळे उघडा.

पान आहे. पाणी आहे. मधे जागा आहे.

*

थोडा वेळ आता काहीच करायचं नाही.

मी काही सांगत नाही. तुम्ही काही आठवू नका.

श्वास आत.

श्वास बाहेर.

थेंब.

तुटक आवाज.

थेंब.

तो तुमच्यासाठी आवाज काढत नाही. तुम्ही इथे आहात याने त्याला काही फरक पडला नाही, एवढं जमलं तर आजची बैठक चांगली झाली.

थेंब.

*

आता उठा. हळू. गुडघे आखडले असतील.

दगड उलटवू नका, पाय टाकताना बघून टाका. पाण्यातून चालण्यापेक्षा काठाच्या वाटेने जा. बेडकांची शेपटीवाली पिल्लं तळाच्या पानांत आहेत. फोटो राहिला असेल तर राहू द्या.

वाटेत तो काळा पाइप दिसला तर तो कुठे जातो, कुणाचा आहे, ते सकाळी गावात विचारा. भांडायला नको. ज्यांच्या घरी चहा मिळेल त्यांनाच विचारा. त्यांना ठाऊक असतं. उन्हाळ्यात ओढा कुठवर आटतो, पूर्वी कुठवर आटायचा, काठाला कुठली झाडं होती, हेही विचारा. म्हातारी माणसं आवडीने सांगतात. त्यांचं सांगून होईपर्यंत बसा.

आणि गावाने काठाची झुडपं राखायची ठरवली, तर त्यांच्या वनरक्षकाला, त्यांच्या ग्रामसभेला दोन ओळी लिहून द्यायला तुमचा उपयोग होईल. लिहिता तुम्हाला येतंच.

गाडी डांबरी रस्त्याला लागली आहे. रस्ता ओला आहे. दोन्ही बाजूंना गटारं भरून वाहताहेत, आणि गटारातून पलीकडच्या रानात जायला वाट एकच आहे, आडवी. चालकाला सांगा, "दादा, जरा सावकाश घ्या." तो विचारेल का. पुढे काचेतून दाखवा. डांबरावर पानासारखं दिसतंय ते प्रत्येक वेळी पान नसतं.